ताईशी बोलता येणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
दिव्यांग अध्ययन-साहाय्य व सेवा कार्यालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला (लिफ्ट बंद)

विषय : अर्जदारास हातावरची भाषा शिकविणेबाबत, तसेच टोकन खिडकीवरील बाईंना बजावलेली नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज. २) दृष्टी विभागाचे उत्तर. ३) श्रवण विभागाचे उत्तर. ४) अर्जदाराचे हेलपाटे, ज्यांची नोंद कोठेही नाही.

मा. महोदय,

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की,

१. अर्जदार हा लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. त्याच्या घरी थोरली बहीण आहे. घरात व आळीत तिला ताई म्हणतात, म्हणून या अर्जातही ताईच लिहिले आहे. ताईला तीन वर्षांची असताना ताप आला. ताप गेला तेव्हा कान आणि डोळे दोन्ही घेऊन गेला. आपल्या कार्यालयाच्या दप्तरी ती 'लाभार्थी' या नावाने आहे. घरी तिसरी व्यक्ती आई होती. ती आता नाही. या अर्जात आईविषयी जे येईल ते त्या समजुतीने वाचावे.

२. आई घरीच इस्त्रीचे काम करी. पहिल्या मजल्यावर तीन खोल्या, त्यातल्या मधल्या खोलीत इस्त्रीचे टेबल. आई इस्त्री फिरवी आणि ताई घड्या घाली. कोणाचा सदरा कोणाचा, हे ती वासावरून ओळखे आणि कधी चुकत नसे. शिक्षण म्हणावे असे तिचे काही झाले नव्हते. खांद्यावर दोनदा थोपटले की जेवण, पाठीवरून हात फिरवला की अंघोळ, मनगटापासून कोपरापर्यंत दोन बोटे चालवली की 'बाहेर गेली', कोपराकडून उलट चालवली की 'आली'. अशा दहाबारा खुणांवर आमचे घर चालत असे. अर्जदारास याच खुणा येतात. आजही याच येतात. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा असल्याने येथे नमूद केला आहे.

३. ताईची तिशी उलटल्यावर आपल्या कार्यालयाकडून घरी एक शिक्षिका येऊ लागल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. ताईचा हात आपल्या हातात घेऊन त्या बोटांवर अक्षरे दाबत. ताई आधी चिडे, हात झटके. एकदा तिने बाईंच्या हाताला चावाही घेतला. बाईंनी आईकडे हळद मागितली नाही की तक्रार केली नाही. दुसऱ्या हाताने शिकवीत बसल्या. दोनेक वर्षांनी ताई बोलू लागली. तिने आईला सांगितलेले पहिले सबंध वाक्य असे होते की, तुझ्या जेवणात मीठ कमी असते. इतकी वर्षे ती ते जेवण मुकाट्याने जेवत होती. आई हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बसली. त्या दिवसापासून घरात मीठ जास्त पडू लागले, ते अर्जदारास कधी रुचले नाही.

४. मोठ्या बाईंनी आईलाही ही भाषा शिकवली. अर्जदार त्या वेळी शिकला नाही. लिफ्ट कोठेही, केव्हाही अडकते, त्यामुळे बाई यायच्या त्या वेळी तो घरी नसे. आणि गरजही पडली नाही, कारण मध्ये आई होती. अर्जदारास ताईला काही सांगायचे असले की तो आईला सांगे, ताईला काही म्हणायचे असले की आई त्याला सांगे. भांडणेही अशीच होत. आई दोन्हीकडचे बोलणे थोडे गोड करून पोचवीत असावी, असा अर्जदाराचा आता समज झाला आहे. खात्री करून घेण्याची सोय राहिलेली नाही.

५. यानंतर आपल्या कार्यालयाचे दृष्टी विभाग व श्रवण विभाग असे विभाजन झाले. मोठ्या बाई निवृत्त होऊन परदेशी मुलीकडे गेल्या. त्यांचे पद कोणत्या विभागाकडे जावे याचा निर्णय न झाल्याने ते रद्द झाले. ताईचे नाव मात्र दोन्ही विभागांकडे गेले. श्रवण विभागाने तिला खुणांच्या भाषेचा मोठा रंगीत तक्ता पाठवला. भिंतीवर लावून रोज पाहावा, अशी त्यावर सूचना होती. दृष्टी विभागाने बोलणारे यंत्र पाठवले, त्यात गोष्टी व सामान्य ज्ञान भरलेले होते. आवाज नीट येतो का हे तपासण्यासाठी एक तंत्रज्ञ घरी येऊन गेले. त्यांनी आवाज तपासला, तो नीट येत होता. यंत्र चालू असताना गरम होते आणि थरथरते, म्हणून ताई थंडीत त्यावर हात ठेवून बसे. तेव्हा आई होती, म्हणून आम्ही याला हसलो.

६. आई गेली ती अशी. दुपारी इस्त्री करताना ती टेबलाशेजारी कोसळली. ताई त्याच खोलीत घड्या घालत होती. तिला कापड करपल्याचा वास आला. ती उठली, चाचपडत टेबलाशी गेली, इस्त्रीचा प्लग ओढून काढला आणि मग खाली बसून आईला हात लावला. नंतर स्वयंपाकघरातून पळी घेऊन ती जिन्यात गेली आणि लोखंडी कठड्यावर पळी आपटत राहिली. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू वर आल्या तेव्हाही ती आपटतच होती. काकूंनी तिच्या हातातून पळी काढून घेतली. रुग्णवाहिका आली, आईला नेले. अर्जदार त्या वेळी एका इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता. तेथे फोन लागत नाही. आई दवाखान्यातून परत आली नाही.

७. पुढील सर्व दवाखान्यातूनच उरकावे, असे मामांनी ठरवले. ते म्हणाले, "ताईला कशाला नेतोस? तिला काय कळणार आहे त्यातलं? उगीच बावरेल." काकूही तेच म्हणाल्या. अर्जदारासमोर जे कागद ठेवण्यात आले त्यांवर त्याने सह्या केल्या. संध्याकाळी घरी आल्यावर ताईने त्याचा हात धरला आणि त्याच्या बोटांवर काहीतरी भरभर दाबले. मग त्याच्याकडे तोंड करून थांबली. आईविषयी विचारते आहे, एवढे कोणालाही कळले असते. मेली, वारली, गेली यांसाठी आमच्या घरात खूण नव्हती. कधी लागलीच नव्हती. अर्जदाराने तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत दोन बोटे चालवली. बाहेर गेली. ताईने मान हलवली आणि ती जेवणाची ताटे मांडायला गेली. तिने तीन मांडली.

८. बाहेर गेली याचा आमच्या घरातला अर्थ, येईलच, असा आहे. त्यामुळे ताईने वाट पाहिली. पुढे ती रोज संध्याकाळी अर्जदाराचा हात धरून विचारू लागली, अर्जदार रोज दोन बोटे चालवू लागला. हळूहळू ताई आईवर रागावली. जमिनीवर पडलेली बाई उठते, बाहेर निघून जाते आणि जाताना सांगतसुद्धा नाही, म्हणून राग. एके दिवशी तिने आईची उशी उचलून जिन्यात ठेवली. मग चपला दाराबाहेर काढल्या. अर्जदाराने त्या आत आणल्या की ती पुन्हा बाहेर काढी, दर वेळी थोड्या जोरात. मेलेल्या बाईवर कोणी रुसून बसले आहे आणि आपल्याला ते थांबवता येत नाही, ही गोष्ट रोज सकाळी पाहून कामावर जावे लागते. या बाबीचे वर्णन यापेक्षा अधिक करता येत नाही.

९. इस्त्रीची गिऱ्हाइके बंद झाल्याने ताईला घड्या घालायला घरचेच कपडे उरले. ते संपले की ती उठून दाराशी जाऊन बसे. म्हणून अर्जदार कामावर निघण्यापूर्वी तिने घातलेल्या घड्या विस्कटून कपडे पुन्हा टोपलीत टाकू लागला. तिला ते कळत नसावे, असे त्यास वाटत होते.

१०. या परिस्थितीत अर्जदाराने आपल्याकडे पहिला अर्ज केला. त्यात फक्त एवढेच मागितले होते की, आई वारली हे ताईला सांगण्यासाठी ही भाषा येणारी कोणीतरी व्यक्ती एकदाच घरी पाठवावी. श्रवण विभागाने कळवले की, लाभार्थीस दिसत नसल्याने प्रकरण दृष्टी विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. दृष्टी विभागाने कळवले की, लाभार्थीस ऐकू येत नसल्याने प्रकरण श्रवण विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. दोन्ही पत्रे एकाच टपालाने आली. अर्जदार समक्ष आला असता दोन्ही विभागांच्या साहेबांनी त्यास सौजन्याने बसवून घेतले, हे नमूद करणे आवश्यक आहे. त्यांच्या दोन खोल्यांच्या मध्ये फक्त एक लाकडी फळी आहे. दृष्टी विभागाचे साहेब बोलत असताना पलीकडून श्रवण विभागाचे साहेब "बरोबर आहे" असे म्हणाले, ते स्पष्ट ऐकू आले.

११. त्यानंतर दोन्ही विभागांचे संयुक्त पत्र आले. मृत्यूची वार्ता देणे हा अध्ययन-साहाय्याचा घटक नसून तो समुपदेशनाचा विषय आहे, असे त्यात होते. त्यानुसार एक समुपदेशक बाई घरी आल्या. त्या ताईसमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि अतिशय मऊ आवाजात बोलल्या. दुःख कसे येते, ते कसे वाहू द्यावे, काळ कसा जातो, हे सर्व त्यांनी सांगितले. ते चांगले होते. दाराशी उभा राहून अर्जदाराने ते पूर्ण ऐकले. ताई त्या वेळी बनियनच्या घड्या घालत होती. निघताना बाई म्हणाल्या, "खूप शांतपणे घेतलं हो त्यांनी." अहवालातही त्यांनी तसेच लिहिले आहे. अहवाल सोबत जोडला आहे.

१२. अर्जदाराने पुन्हा विनंती केली असता त्यास सांगण्यात आले की, वैयक्तिक स्वरूपाची माहिती लाभार्थीस देण्यासाठी लाभार्थीची स्वतःची लेखी मागणी लागते, व कोणती माहिती हवी आहे हे मागणीत स्पष्ट असावे लागते. म्हणजे आपली आई वारली आहे हे आपल्याला सांगावे, असे ताईने लिहून द्यायचे. अर्जदाराने विचारले, "तिला माहीत असतं तर तिनं मागितलं कशाला असतं?" संबंधित लिपिक सभ्य मनुष्य होते. त्यांनी मागणीचा नमुना उलटसुलट करून पाहिला आणि ते म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण ते लिहायला इथं जागा नाही."

१३. आपल्या कार्यालयात तळमजल्यावर टोकन देण्याची खिडकी आहे. तेथे बसणाऱ्या बाईंना अर्जदार एव्हाना तोंडओळखीने माहीत झाला होता. त्या दिवशी टोकन परत घेताना त्यांनी काम झाले का असे विचारले आणि अर्जदाराने झालेले सर्व सांगितले. सांगत असताना त्याच्या लक्षात आले की, बाई एका हाताने आपल्याच दुसऱ्या हाताची बोटे दाबत आहेत. आई ताईशी बोलताना तिचे हात असेच चालत. अर्जदार बोलायचा थांबला. बाईंनी हात काउंटरखाली नेले. मग त्या हळूच म्हणाल्या, "मोठ्या बाईंनी शिकवलंय मला. त्यांचं पद गेलं आणि मला इथं बसवलं. मला येतं हो, पण मला इथून उठता येत नाही." अर्जदार ज्या माणसाच्या शोधात सर्व मजले चढला, ते माणूस दर खेपेस त्याच्या हातात टोकन ठेवत होते. याबद्दल अर्जदाराची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

१४. सुट्टीच्या दिवशी त्या बाई आपणहून घरी आल्या. कोणत्याही आदेशावरून आल्या नाहीत, कार्यालयाचे कोणतेही साहित्य त्यांनी आणले नाही. फक्त हात आणले. त्या चटईवर ताईजवळ बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. ताई दचकली. मग तिने दोन्ही हातांनी बाईंचा हात असा पकडला की, त्यांची बांगडी वाकली. त्यानंतर ताई बोलत सुटली. बोटे थांबतच नव्हती. बाई मध्येच अर्जदाराकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, किती बोलतात या! मला एक अक्षर मध्ये घालू देत नाहीत." काय म्हणते असे विचारता त्यांनी सांगितले की, तक्रारी आहेत. काकूंच्या घरून येणारे जेवण बेचव असते. अर्जदाराच्या कपड्यांना लिफ्टच्या तेलाचा वास हल्ली जास्त येतो, तो अंघोळ करत नसावा. आणि, "म्हणतात, हा रोज घड्या विस्कटून ठेवतो. मला कळतं म्हणावं. माझ्याच घड्या मला ओळखू येणार नाहीत का?" अर्जदार भिंतीला टेकून उभा होता.

१५. मग बाईंनी तिला सांगितले. फार वेळ लागला नाही, तीनचार अक्षरांचे काम होते. ताईची बोटे थांबली. बाई तिचा हात धरून बसल्या. थोड्या वेळाने ताईने एक शब्द दाबला. बाई म्हणाल्या, "कधी, असं विचारतायत." अर्जदाराने सांगितले, बाईंनी ते तिला सांगितले. ताईने पुन्हा काही दाबले. बाईंनी विचारले, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे, असं विचारतायत. काय सांगू?" अर्जदार म्हणाला, "खरं ते सांगा." त्यांनी खरे ते सांगितले. तेव्हा अर्जदाराने विनंती केली की, मला सांगायचे होते पण सांगता येत नव्हते, हेही तिला सांगा. बाईंनी तेही अक्षर न् अक्षर सांगितले. ताईने उत्तर दिले. ते उत्तर बाईंना मोठ्याने म्हणायचे नव्हते, पण अर्जदाराने आग्रह धरला. ताई म्हणाली होती, "त्याला हात आहेत ना?"

१६. यानंतर ताई उठली. दारापर्यंत गेली, बाहेरच्या चपला उचलल्या, पदराने त्यांची धूळ पुसली आणि आईच्या पलंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. रडली नाही, किंवा रडली असल्यास अर्जदारास दिसले नाही. त्या दिवसापासून ती अर्जदारास हात देत नाही. तो जवळ आला की दोन्ही हात काखेत दडवते. जेवण वाढले की जेवते. तो खांद्यावर थोपटायला गेला तर खांदा सरकवते. ज्या दहाबारा खुणांवर घर चालत होते, त्याही आता चालत नाहीत. घरात दोन माणसे राहतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही शब्द होत नाही. अर्जदारास याचे फार काही वाटते असेही नाही. तो कामावर जातो, लिफ्ट दुरुस्त करतो, परत येतो. जिना चढताना मात्र त्याचे पाय हळू पडतात, असे काकूंनी दोनदा म्हटले आहे.

१७. सांगितले नाही आणि सांगता आले नाही, या दोहोंत फरक आहे. तो फरक ताईला दुसऱ्याच्या हातून सांगून पाहिला, तिने तो घेतला नाही. तो अर्जदारानेच सांगावयास हवा आणि तेवढी भाषा अर्जदारास येत नाही. म्हणून त्याने आपल्या कार्यालयाच्या शिक्षण केंद्रात स्वतःचे नाव विद्यार्थी म्हणून नोंदविण्याची विनंती केली. त्यावर त्यास सांगण्यात आले की, केंद्रातील शिक्षण केवळ प्रमाणपत्रधारक दिव्यांग व्यक्तींसाठी आहे. अर्जदार रीतसर वैद्यकीय तपासणीस गेला. डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिले, डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिले, भिंतीवरची अक्षरे वाचावयास लावली. शेवटी ते म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. कशाला आलात?" अर्जदाराने घरची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि, काहीही झालेले नाही, असे प्रमाणपत्र दिले. ते सोबत जोडले आहे. घरात आम्ही दोघे आहोत. दोघांपैकी भाषा ताईला येते, अर्जदारास येत नाही. मग साहाय्याची गरज कोणास आहे याचा निर्णय नुसत्या कानाडोळ्यांवरून न करता फेरविचार व्हावा, ही विनंती.

१८. आता नोटिशीविषयी. टोकन खिडकीवरील बाईंनी केलेल्या उपकाराबद्दल अर्जदाराने आपल्या कार्यालयास मनापासून आभाराचे पत्र पाठवले होते. त्यांना शाबासकी मिळावी, एवढाच त्यामागे हेतू होता. त्या पत्राचा उपयोग पुरावा म्हणून झाला. कार्यालयाने अवगत करून दिलेल्या भाषेचा परवानगीशिवाय खाजगी जागी वापर केला, याबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागविण्यात आला आहे. महोदय, त्या दिवशी त्या खोलीत जे बोलले गेले त्यातले कार्यालयाचे काहीही नव्हते. जी मेली ती आई आमची होती. बाईंना त्रास अर्जदाराच्या आभारांमुळे झाला आहे. ते आभार अर्जदार याद्वारे मागे घेत आहे, तरी नोटीसही मागे घेण्यात यावी.

१९. सद्यःस्थिती अशी की, अर्जदारास काही अक्षरे येऊ लागली आहेत. ती त्यास कोणी शिकविली हे येथे नमूद केलेले नाही व कोणाचे आभारही मानलेले नाहीत. अर्जदार कार्यालयात येतो, रांगेत उभा राहतो. रांगेतून समोर काचेपलीकडे कोणी ओठांनी अक्षरे पुटपुटत आपल्याच हाताची बोटे दाबत बसले असल्यास पाहण्यास मनाई असल्याची पाटी तेथे नाही. त्यावरून त्यास समजलेली रीत अशी : अंगठ्यावर क, ख, ग, घ ची ओळ, तर्जनीवर च ची ओळ, पुढच्या बोटांवर पुढच्या ओळी, प्रत्येक ओळ टोकापासून मुळाकडे. काना, मात्रा, वेलांटी, उकार हे तळहातावर ओढायचे. अर्जदाराच्या पहिल्या दोन ओळी झाल्या आहेत. तळहातापर्यंत गाडी गेली नाही, कारण रांगेत मागच्या मनुष्याने पुढे सरका म्हणून ढकलले.

२०. दोन ओळींत फारसे काही म्हणता येत नाही. आई म्हणता येत नाही, ताई म्हणता येत नाही. अर्जदाराने पुष्कळ विचार केला तेव्हा त्यास दोन अक्षरांचा एक शब्द सापडला, तोही उकाराशिवाय. परवा ताई घडी घालत बसली होती. तिचा एक हात टॉवेलावर मोकळा पडला होता. अर्जदाराने तिच्या तर्जनीच्या टोकाला च दाबला आणि अंगठ्याच्या टोकाला क दाबला. ताईने हात ओढला नाही. ती थांबली. चक हा काही शब्द नव्हे. अर्जदाराने पुन्हा च दाबला, पुन्हा क दाबला. त्याच्या हाताला घाम आला होता, तो तिला कळला असणार. ताईने त्याचे बोट धरले, आपल्या तर्जनीवर नेले, मग तेथून आपल्या तळहातावर आणून खालच्या बाजूस एक लांब, वळणदार रेघ ओढायला लावली, आणि ते बोट अंगठ्यावर नेऊन सोडले. लहान मुलाचा हात धरून पाटीवर गिरवून घ्यावे तसे. ती रेघ म्हणजे काय हे अर्जदारास तेव्हा कळले नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहिल्यावर कळले. तो दीर्घ ऊ होता. शब्द चूक असा होता, आणि तो तिने शुद्ध करून दिला होता.

२१. त्यानंतर ताईने अर्जदाराचा हात आपल्याकडे ओढून घेतला आणि त्याच्या बोटांवर बोलू लागली. ती पुष्कळ वेळ बोलली. काल संध्याकाळीही बोलली. मधल्या सबंध काळाचे बोलणे साठले असावे. अर्जदार हात पुढे करून बसतो. त्यातले दोन ग आणि एक च त्यास ओळखू येतात, एखादे वेळी ज येतो. बाकीचे सर्व हातावरून निघून जाते, आणि ती काय म्हणाली हे सांगणारे घरात कोणी नाही. ती पुन्हा तेच सांगेल याची खात्री नाही.

सबब, उरलेल्या तीन ओळी, य पासून पुढची अक्षरे व तळहातावरच्या सर्व खुणा अर्जदारास शक्य तितक्या लवकर शिकविण्याची व्यवस्था व्हावी. ताई रोज संध्याकाळी बोलते आहे.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
(स्वाक्षरी)
अर्जदार, लिफ्ट दुरुस्ती कामगार

दिनांक : आवक शिक्क्यावर पडेल तो

सोबत :
१) दृष्टी विभाग व श्रवण विभाग यांची एकाच टपालाने आलेली पत्रे.
२) समुपदेशक बाईंचा अहवाल.
३) अर्जदारास काहीही झालेले नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र.